किती येतील?

वर्षातून एकदाच, शुक्रवारचा बाजार उठताना,
मिरच्यांची पोती बांधली जात असताना
आवेलिनो रिबेलो गाडी माझ्या दारात आणतो.
लाल, बुटकी, दोघांपुरती.
छत कॅनव्हासचं, तेही तिसरं,
हळदोण्याच्या छत्रीवाल्यानं शिवलेलं.
इंजिन बंद करत नाही. काच उतरवतो, विचारतो,
"केरकर, यंदा कितलें?"

मी जुन्या गाड्यांचे भाव सांगतो. त्यावर माझं पोट.
बोनेट उघडतो, बिजागरीवर बोट फिरवतो.
समुद्र आधी बिजागऱ्या खातो.
वरचं अंग फायबरचं,
खारं वारं त्याला चाटून निघून जातं,
आतला सांगाडा मात्र दरसाल थोडा थोडा देणं फेडतो.

चासी नंबर एकशे सतरा.
असल्या जेमतेम चारशे काढल्या, आणि शेडचं शटर ओढलं.
दिवे भलत्याच गाडीचे, दाराची मूठ तिसरीचीच,
मिळेल ते जोडून कुणीतरी हौस केली होती.
आवेलिनोनं बोटीवरचा सगळा पगार तिच्यात ओतला.
लोक हसले. मीही हसलो.
"भंगारात काढ," मी म्हणालो होतो,
"सत्तर हजार आले तर देव पावला."
तो आकडा त्याला तोंडपाठ आहे.

यंदा त्याच्यामागून जोएल आला, त्याचा मुलगा.
उंच, पांढरी, विजेवरची. आली कधी ते कळलंच नाही.
दोन वर्षांपूर्वीचे बावीस लाख.
"हिचेपण सांगा."
मी घसा खाकरला.
अकरा. फार तर साडेअकरा.
तिच्यामागून धाकटी आलीय बाजारात,
मार्चमध्ये आणखी धाकटी येतेय, दुप्पट पल्ल्याची.
नव्या गाडीला भय असतं ते नव्या गाडीचंच.
शोरूमच्या उंबऱ्यावरून चाक उतरलं
की दोन-तीन लाख तिथंच सांडतात,
उचलायला कुणी वाकत नाही.

"आणि पप्पाच्या गाडीचे?"
पुण्याचा एक जण नऊ देतोय, मी म्हणालो.
न बघता. फोटोवरून.

जोएल बापाकडे बघेना.
स्वतःच्या टायरकडे बघत राहिला.
मला वाटलं, आता म्हातारा हसेल,
सत्तर हजारांचं उट्टं काढेल माझ्यावर.
त्यानं चावी फिरवली. इंजिन बंद.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या दारात शांतता.

"नऊ," तो म्हणाला.
"मग मी ती लावू खंय?
चर्चपाशी पोरं टेकतात तिला.
पावसात काढायची की नाही?
आणि हे?"
शेजारच्या सीटवर पिशवी होती,
बांगडे, बर्फ वितळून पाणी सीटमध्ये मुरत चाललेलं.
"नऊ लाखांवर बांगडे ठेवतात?"

मी काही बोललो नाही.
आमच्या धंद्यात या प्रश्नाचा रकाना नाही.

"सत्तर हजार लिही," तो म्हणाला.
"पुण्याच्याला सांग, मोडली."

मी लिहिले. खाली पेन्सिलीनं नऊ, बारीक,
सवय जात नाही.

चावी फिरवली. खर्र. पुन्हा खर्र.
जोएलनं पांढऱ्या शर्टाच्या बाह्या वर केल्या,
मागं जाऊन दोन्ही तळवे लावले
आणि उतारावरून ढकलत नेली.
त्याची गाडी माझ्या दारात उभी, पिवळे दिवे लुकलुकत.

फायबर हलकं असतं.
एकट्यालाही ढकलता येतं.