दोन्ही धुऱ्यांवर

नवा डबा आर्वीहून एसटीत मांडीवर आणला.
आत चार टेराबाइटची डिस्क, कोरी,
अजून कुणाचंच नाव न चढलेली.
पडद्यावर एकच प्रश्न: एमबीआर की जीपीटी?
आणि खाली 'पुढे' हे बटण,
जसं काही यात विचार करण्यासारखं काहीच नाही.

समोरच्या खुर्चीत देवमनकाका उईके.
मोजणी खात्यात एकतीस वर्षं साखळी ओढली.
आज हयातीच्या दाखल्यासाठी आलेत.
"काय इचारते थे?"
"वाटणी कशात लिहायची, ते."
"वाटणी नाही?"
"वाटणी नंतर. आधी वही."
हे त्यांना पटलं. वाटणीनं भांडण होत नाही, म्हणाले,
वहीनं होते.

जुन्या पद्धतीत वही पहिल्याच पानावर,
सेक्टर शून्य, पाचशे बारा बाइट.
चार हिस्से. पाचवा आला
की एकाच्या पोटात पोटहिस्से पाडा.
आणि दोन टेराबाइटपलीकडचं रान तिला दिसतच नाही.
"म्हंजे साखळीच पुरत नाही."

मागच्या जुलैत लाइन तीनदा गेली-आली
आणि जुन्या मशीनचं नेमकं तेच पान गेलं.
शेत जागेवर होतं:
जातीचे दाखले, शोभा नैतामच्या घरकुलाचे फोटो,
पण कुठून कुठवर, हे सांगणारं कुणी नव्हतं.
आठ दिवस मी लोकांना 'उद्या या' म्हणत होते.

नवीत वही दोनदा लिहितात.
एक अलीकडच्या धुऱ्यावर, एक पार पलीकडच्या,
दोन्हींखाली बेरीज;
कुणी आकडा खोडला तर जुळायची नाही.
हिस्से एकशे अठ्ठावीस.
"इतके भाऊ कोनाले असते बाप्पा!"

मग मला आवडलेलं सांगितलं:
पहिल्या पानावर अजून जुन्या वहीचं सोंग उभं असतं,
सगळं रान एकाचंच आहे म्हणणारं,
म्हणजे जुनी अवजारं मोकळं समजून
नांगर घालत नाहीत.
"बुजगावणं!" काका खोकला येईस्तोवर हसले.
"कागदावर एक बुजगावणं मी बी उभं केलं होतं,
सत्त्याऐंशी साली."
पुढचं सांगितलं नाही.

मी जीपीटीवर टिचकी मारली.
विंडोजला दोनशे जीबी, दाखल्यांना दीड टीबी,
उरलं ते तसंच सोडलं.
"पडीत?"
"पडीत."
"राहू दे. लागते."

मग त्यांचा अंगठा यंत्रावर ठेवला.
जुळला नाही.
तर्जनी. नाही. मधलं बोट, पुसून, परत.
साखळीनं रेषा कधीच्या घासून नेलेल्या.
उजवा हात संपला.
"दुसऱ्या धुऱ्यावर पाह्य बरं," म्हणाले
आणि डावा हात पुढे केला.