चावी

आमच्या दाराआड चार फुटी लोखंडी चावी उभी असते.
पाहुणे विचारतात, पहार का हो ही?
आई म्हणते, अर्ध्या पेठेचं पाणी आहे ते,
जरा सरकून बसा.

अण्णा महापालिकेचे चावीवाले.
पहाटे सव्वाचारला सायकलच्या दांडीला ती बांधून निघतात,
वरुणतीर्थ वेशीपाशी वाकतात, झाकण उचलतात,
अकरा आटे सोडतात
आणि पेठ जागी होते.
कोंबड्याचं आपलं नुसतं नाव.

त्या जानेवारीत पक्षाचं महाअधिवेशन आमच्या शहरात भरलं.
तीन दिवस, गांधी मैदानावर.
मिरजकर तिकटीपासून खांबाखांबाला झेंडे,
रस्त्यातले खड्डे एका रात्रीत बुजले
आणि मैदानात तेवढेच नवे पडले, मांडवासाठी.
हर्षद गोलपोस्ट शोधत फिरला दिवसभर.
आचाऱ्यांनी त्यावर टॉवेल वाळत घातले होते.

कोण कुणाचा, हे आमच्या घरात बोलत नाहीत.
आज्जाच्या ट्रंकेत लाल बिल्ला आहे,
आईच्या बचत गटाला शिलाई मशीन दिलं ते दुसरे,
आणि ज्यांचं अधिवेशन, त्यांनी हर्षदच्या टीमला बूट दिलेले,
सगळ्यांना एकाच मापाचे.

अण्णांना हुकूम आला, तोंडीच:
पेठेचं बंद. सगळं मैदानाकडं.
त्यांनी कागद मागितला, साहेब हसले.
त्या पहाटे अण्णा नेहमीसारखे वाकले
आणि आटे उलटे फिरवले.
परत आले ते मागच्या बोळानं.

मालनकाकू घागर घेऊन दारात.
"चावीवाल्याच्या घरात तरी आलंय का, बघाया आले."
आईनं आमची घागर उचलली,
त्यांच्या पायाशी उपडी केली.
एक झुरळ निघालं.
दोघी हसल्या, मग काकू रागावूनच गेल्या.

त्यातच दोन हजार भाकरींची ऑर्डर.
पीठ होतं, जळण होतं, बायका होत्या.
तालमीच्या विहिरीवरून आम्ही कळशा वाहिल्या,
लाल मातीचा वास त्या पाण्याला.
त्या भाकरी कुणी खाल्ल्या कुणास ठाऊक,
चार दंड-बैठका त्यात फुकट होत्या.

दुसऱ्या रात्री एक बाई आल्या, गळ्यात ओळखपत्र,
वत्सलाबाई, हिंगोलीकडच्या.
"तिकडं बाटल्याच बाटल्या हायत माय,
पर बाटलीनं अंग कसं धुवावं?"
आईनं राखून ठेवलेली अर्धी बादली न्हाणीत ठेवली.
बाई केवढ्या थोड्या पाण्यात न्हाल्या!
बादलीत तांब्याभर उरवून बाहेर आल्या,
म्हणाल्या, "तुमच्याकडं नदी हाय म्हणं?"
आई म्हणाली, हाय की.
पुढं कोणीच काही बोललं नाही.

समारोपाला अण्णांची ड्यूटी स्टेजमागच्या टाकीपाशी.
बाराला घरी आले, कपाळाला गुलाल.
आईनं विचारलं, मोठे साहेब काय म्हणाले?
अण्णांनी चावी दाराआड ठेवली, हात पुसले.
"प्रेशर चांगलं होतं," म्हणाले.

चौथ्या दिवशी मांडव उतरला, खड्डे राहिले.
हर्षदचा पाय पहिल्याच सामन्यात मुरगळला,
बूट तसाही एक नंबर मोठा.
मुकादम म्हणाला, मुरूम टाकू, टेंडर निघू दे.

एका पहाटे मी अण्णांच्या मागं गेले.
त्यांनी पेठेला पाणी सोडलं,
मग मैदानाकडचे दोन आटे ढिले केले,
हुकूम नव्हता, तोंडीसुद्धा.
पाइप घेऊन एकेका खड्ड्यात माती लोटत, भिजवत गेले,
पायानं दाबत.
"इथं पूर्वी तळं होतं," म्हणाले,
"पाणी ओळखतंय जागा."

मी मोजत होते, सत्तावीसपर्यंत गेले
आणि नळांवर भांडण सुरू झाल्याचा आवाज आला.
अण्णा थांबले. ऐकत राहिले.
मग म्हणाले, चल, आलं वाटतं सगळ्यांना.