विंगेतली पेटी

टिपणीसबाई म्हणतात, रुमाल म्हणजे विश्वास.
मी म्हणतो, गोखले रोडवर साठ रुपयांना दोन.
एक हरवतो, म्हणून दोन.
बाई हसत नाहीत. चष्मा वर सरकवून सांगतात,
"केरकर, तो हरवतो म्हणूनच तर नाटक आहे."

तालीम नौपाड्यात, शाळेच्या हॉलमध्ये.
भिंतीवर पाढे, बाकांखाली डब्यांचा वास,
आणि मधोमध कुठल्याशा थंड मुलुखातला राजवाडा
खडूने आखलेला.
बाई बत्तीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या.
आता चारशे वर्षांपूर्वीचे गोरे राजे
आमच्या मराठीत मारतात,
हिवाळ्यात तीन प्रयोग.

माझ्याकडे पेटी. पत्र्याची, कडीला सुतळी.
तिच्यात दोन खंजीर, आतून पुठ्ठ्याचा एक मुकुट,
विषाचा पेला, ज्यात कोकम सरबत असतं,
आणि सात मेणबत्त्या. सातवी मरणाची.
ती विझली की राजपुत्राचं काय झालं ते सांगावं लागत नाही,
असं बाईंचं म्हणणं.
मागच्या वर्षी ती पंख्यानेच विझली, पहिल्या अंकात.
लोक तिथपासून डोळे पुसायला तयार होऊन बसले.
मरेना म्हटल्यावर चुळबुळ सुरू झाली.

कवटी चेंदणीच्या हिराजी नाखवाने केली.
गणपतीचा सीझन संपलेला, हात मोकळे.
शाडूची. दोन दिवसांत जबडा, दात, गालाची हाडं,
मग थांबला.
म्हणाला, "डोळे मी शेवटी काढतो, बापाची रीत हाय.
डोळे काढले की मूर्ती पुरी.
याला तर भोकंच ठेवायची.
मग पुरी झाली कधी म्हणायची?"
मी बाईंना विचारलं.
त्या बराच वेळ वहीत काहीतरी लिहीत राहिल्या.
उत्तर आलं नाही. पण पुढच्या तालमीपासून
नटाला ती डोळ्यांसमोर धरू देईनात.
खाली घे म्हणाल्या, मांडीवर,
झोपलेल्या पोरासारखी.

आणि राणी. झोपेत चालते, हात धुते,
हातावर काही नसतं.
रंग लावायचा नाही, अशी बाईंची सक्त ताकीद.
डाग दिसला की मेला.
सुनेत्रा बँकेत काउंटरवर असते, नोटा मोजून बोटं सुकलेली.
कोरडा हात कोरड्या हातावर घासते
तेव्हा मी विंगेत पेटीवर बसलेला असतो
आणि माझे हात बगलेत.

कोलशेतला रंगाचा कारखाना. एकवीस वर्षं.
मी निळ्या खात्यात.
नखं निळी, तळव्याच्या रेषा निळ्या.
एका ज्योतिषाने हात बघून पैसे परत केले.
शेवंती लिंबू चोळायची, रॉकेल, राख,
भाकरी थापताना म्हणायची, तुम्ही पिठाला शिवू नका.
मग कारखाना बंद पडला. तिथे आता तेहतीस मजले.
रंग हळूहळू उतरत गेला,
अंगठा सगळ्यात शेवटी, तीन वर्षांनी.
शेवंतीने हात हातात घेतला, उलटसुलट पाहिला,
म्हणाली, ओळखीचा नाही वाटत.

हे मी बाईंना सांगितलेलं नाही.
त्या म्हणतील, निळा म्हणजे अमुक.
निळा म्हणजे निळा होता.
पगार सात तारखेला.

शनिवारी तलावपाळीच्या बाजूला प्रयोग झाला.
राणी आत आली ती हात तसेच घासत.
पडदा पडला, टाळ्या संपल्या,
बाहेर भेळवाल्यांनी कंदील लावले, तरी थांबेना.
मी पेटीतून रुमाल काढून दिला,
दुसरा, जो अजून हरवलेला नाही.
तिने पुसले, एकेक बोट, सावकाश,
मग घड्याळ पाहून म्हणाली, दहा चाळीसची बस.
रुमाल कोराच होता.
घडी घालताना, का कोण जाणे,
पुसलेली बाजू मी आत घेतली.