दोनशे ग्रॅम

हॅन्लीच्या क्रीडागृहात, बॉयलरच्या खोलीला लागून
माझा काटा मांडलेला.
सकाळचे सात वाजून दहा मिनिटं.
बाहेर हिंव पडलंय,
कुणीतरी मोटारीची काच खरवडतंय.

या गावच्या नगरपालिकेत एकतीस वर्षं
मी वजनमापं तपासली:
खाटकाचे तराजू, पेट्रोलचे पंप,
एकदा तर चर्चमधल्या मेणबत्त्या.
निवृत्त झालो तेव्हा कुणी विचारलं,
पैलवान मोजाल का?
वस्तादाचा मुलगा मी, अंगानं काडी.
हो म्हणालो.

एर्मेते झानेल्ली, इटली. ग्रीको-रोमन, सदुसष्ट किलो.
काट्यावर सदुसष्ट आणि वर दोनशे ग्रॅम.
वीस मिनिटं उरलेली.

रात्रभर हॉटेलच्या जिन्यात धावलाय
प्लास्टिकचा अंगरखा घालून,
त्याच्या प्रशिक्षकानं हातवाऱ्यांनी सांगितलं,
जणू मी काही कमी करून देणार होतो.
पोरगा कोपऱ्यात बसून बाटलीत थुंकत होता.
थुंकीही संपत आली होती.

मग बारीची नुन्झिया, त्यांच्याच संघातली,
तिचं वजन कधीच झालेलं,
अर्धं केळं खिडकीत ठेवून उठली,
पट्ट्यांच्या डब्यातली कात्री घेतली
आणि मेंढरू कातरावं तशी त्याला कातरू लागली.
कुरळे केस फरशीवर पडत राहिले.
कुणी हसलं नाही.

अप्पा मिरजेकडच्या मैदानात जोडी लावायचे
काट्याशिवाय.
दोन पोरं समोरासमोर उभी करायची,
मनगट दाबायचं,
मांडीवर थाप मारून आवाज ऐकायचा,
म्हणायचं, लागली जोड.
हात खोटं बोलत नाही, म्हणायचे.
मी एकतीस वर्षं
उलटं सिद्ध करून पगार घेतला.

आणखी वीस ग्रॅम.
त्यानं गळ्यातल्या साखळीला हात लावला,
तिच्यावर कुठलीशी संतीण, झिजून चेहरा गेलेली.
मान हलवली. नाही.
नुन्झिया काहीतरी बोलली, हळू, आईच्या सुरात.
त्यानं साखळी काढली,
ठेवायला जागा शोधली, बाकडं, खिळा,
शेवटी माझ्या तळहातावर ठेवली.

सदुसष्ट. शून्य. शून्य.
मी आकडा मोठ्यानं वाचला
आणि मूठ मिटून घेतली.

पहिलीच कुस्ती, समोर किर्गीझ.
एक मिनिट चाळीस सेकंद.
कंबरेला कव घालून त्यानं याला चार वेळा लोळवलं,
सतरंजी गुंडाळावी तसं.
पायाला हात लावायचा नाही हा यांचा नियम.
अप्पा असते तर म्हणाले असते,
ही कसली कुस्ती, ही तर गळाभेट.
मी हसलो नाही. बघत राहिलो,
तो उठला, पाठमोरा झाला,
पाठ स्वच्छ.
रबराच्या चटईवर हरलेल्याच्या पाठीला
काहीच लागत नाही.

दुपारी आला, भादरलेलं डोकं घेऊन.
हातात कागदी पुडी, ओटच्या घावनांची,
इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानातली, आत चीज वितळलेलं.
चार खाल्ली होती, पाचवं मला देत होता.
मोडक्या इंग्रजीत म्हणाला, बाप ताटल्या बनवतो,
फाएन्झात सगळेच बनवतात.
मी खिडकीतून जुन्या भट्ट्यांची धुराडी दाखवली.
इथेही, म्हटलं.
त्यानं मान डोलावली, जरा जास्तच वेळ,
मग मागे हात नेऊन
उगाच पाठ खाजवली.

साखळी दिली.
घालता घालता त्यानं विचारलं, किती?
पंचवीस, मी म्हणालो. सव्वीस असेल.
त्यानं काट्याकडे पाहिलं.
मी वायर गुंडाळत होतो.