पाच पाऊण पावणेचार

फोन येतो तो असाच:
"मॅडम, तीन दिवस आहेत, काय काय होईल?"
आणि मी आरतीसारखं म्हणून टाकते:
वेळणेश्वर करा, हेदवीची बामणघळ भरतीला करा,
तवसाळहून फेरीबोटीने जयगड,
दीपगृह उघडं आहे का ते आधी विचारा, मग मालगुंड,
उरलंच तर आरे-वारे.
सगळं "करायचं" असतं त्यांना.
किनारे करायचे, देवळं करायची, जणू खरकटी भांडी.

मी स्वतः तवसाळची बोट केलेली नाही.
नऊ वर्षं झाली, गुहागरात, वरच्या पाटात
दोन खोल्या, न्याहारीसह.
चादरी झटकताना जी वाळू पडते
तीवरून कळतं पाहुणे कुठे कुठे जाऊन आले.

यंदा दिवाळीची गर्दी ओसरली
तेव्हा कार्तिकाचं पान फाडलं
आणि त्याच्या पाठीवर लिहिलं: आपण.
खाली रेघ मारली.

हे म्हणाले, "समुद्र सोडून समुद्र बघायला जायचं?"
म्हटलं, शेजारणीची आमटी गोड लागते ना तुम्हाला?
"पोफळींना पाणी?"
सुजय लावील, त्याला पंप कळतो.
"आणि मांजर?"
मांजर आपलं आपण बघेल, नऊ वर्षं मी बघितलंच की.

निघायचं पंचमीला.
आमचे वडील बोटांवर मोजायचे:
तिथीची पाऊणकी, तेवढ्या वाजता भरती.
पाच पाऊण पावणेचार.
म्हणजे सकाळी दहाच्या सुमाराला पाणी खूप आत गेलेलं,
लाडघरला तांबूस वाळूवर पायांचे ठसे उठतील आपले
आणि पुसायला कुणालाच घाई नसेल.

मग उलटी मांडणी केली.
दहाला लाडघर, तर धोपाव्याची पहिली बोट.
स्कूटर चढवायची, दाभोळला उतरवायची,
चंडिकेच्या गुहेत वाकून जायचं
(यांचे गुडघे बघून).
कोळथऱ्याला बघण्यासारखं काही नाही म्हणतात,
म्हणून तिथे तासभर.
मग लाडघरला दहा कसे वाजायचे?
खोडलं. पुन्हा लिहिलं.
कोळथरे राहिलं, दहा गेले.

संध्याकाळी हर्णैचा लिलाव, लांबून. आपल्याला सुरमई घ्यायची नाही,
फक्त भाव ऐकायचा.
दुसऱ्या दिवशी आंजर्ले, गाडीरस्त्याने.
केळशी. वेळास.
"वेळासला कासवं फाल्गुनात," हे म्हणाले,
"मग फाल्गुनातच जाऊ ना."
मी ओळखते हा फाल्गुन.
हा दरवर्षी येतो
आणि त्याच्या आदल्या दिवशी आंब्याला राखण लागतं.

राहायचं कुठे, हे पानावर लिहिलंच नव्हतं.
ते मला पहिल्यापासून माहीत होतं.
हर्णैच्या रुखसाना मुकादम.
माझ्याकडे जागा नसली की मी तिच्याकडे पाठवते,
तिच्याकडे नसली की ती माझ्याकडे.
नऊ वर्षांत तिचे किती पाहुणे जेवले माझ्या पानावर,
त्यांच्याकडून कळतं: सांदणं तिचीच,
हसते मोठ्याने, उजव्या पायाने जरा लंगडते.
आवाज पाठ आहे. चेहरा नाही.

हे झोपल्यावर दुपारी फोन लावला, सुनेच्या नंबरवरून.
"खोली मिळेल का? पंचमीला. दोघं."
"मिळेल की. कुठून येणार?"
ते टाळलं. विचारलं,
जे मला रोज कुणीतरी विचारतं:
"खोलीतून समुद्र दिसतो?"

ती क्षणभर थांबली.
पलीकडे कढईत काहीतरी चुरचुरत होतं.
"दिसत नाही," म्हणाली, "मध्ये माड आहेत.
पण रात्री ऐकू येतो."

हेच, अगदी ह्याच शब्दांत मी सांगते.
तिने माझं उचललं की मी तिचं,
आता कोण सांगणार.

"आगाऊ किती पाठवू?" विचारलं.
"आगाऊ?" ती हसायला लागली, मोठ्याने,
"अगो, तुझ्याकडून?"