बाकी

गॅसच्या बिलावरचा आमचा ग्राहक क्रमांक
९९४००८९१.
भाऊजींनी तो ताटाशेजारी ठेवला
आणि म्हणाले, वहिनी, हा तुटतो का बघू.
आमचे हे असते तर म्हणाले असते, आधी बिल भर.

छत्तीस वर्षं प्रतापनगर यार्डात
वाघिणींचे नंबर उतरवलेला माणूस.
गाडी निघून जायची, नंबर वहीत राहायचा.

रोज एकच मूळ संख्या. घाईत हातचा विसरतो म्हणे.
दोनाने, बाकी एक. तीनाने, बाकी एक.
पाचानेही एकच. साताने दोन.
संध्याकाळी जिना उतरून यायचे,
मी विचारायची, बाकी काय?
आणि ते खरोखरच बाकी सांगायचे.
सदतीसला एकवीस. एकशे एकला चोवीस.

१९५१, त्यांचं जन्मसाल, कशानेच न तुटणारं.
त्या दिवशी खंडेराव मार्केटातून पेरू आणले.
बाकी एक हजार तीनशे त्रेचाळीस.
आठ दिवसांनी २०११, रिटायर झाले ते साल,
तेही तसंच.
आकडा सांगितला नि पेला न विसळताच वर गेले.

विश्वामित्रीची मगर सोसायटीच्या फाटकाशी आली
ती ४५६७ च्या दिवशी.
सगळी गल्ली काठ्या घेऊन खाली,
भाऊजी गच्चीवरून ओरडले, एकशे छत्तीस!
रसिलाबेनला वाटलं, मगरीचं वजन.

मला कळलं होतं. चाळिसाव्या दिवशीच.
कुकरच्या दोन शिट्ट्या व्हायच्या होत्या,
बिलाच्या पाठीवर मी सहज नऊ मिळवले.
९९४००९००.
नऊ हजार नऊशे सत्तरचा वर्ग!
नऊ म्हणजे तीनाचा. पुढचं शाळेतलं,
अ वर्ग वजा ब वर्ग.
९९६७ आणि ९९७३,
पाठोपाठचे दोघे भाऊ,
पार वरच्या पायरीवर पाय सोडून बसलेले,
आणि भाऊजी खालून एकेक पायरी चढत होते.
दुसरी शिट्टी झाली.
बिल मी तांदळाच्या डब्याखाली सारलं.

एक हजार दोनशे अठ्ठाविसाव्या दिवशी
जिन्यावर चप्पल वाजली नाही. अनवाणीच आले.
मी विचारलं, बाकी काय?
काही नाही, म्हणाले.
वही उघडून दाखवली. शून्य,
अगदी बारीक काढलेलं.
आमटी दुसऱ्यांदा घेतली नाही.

तीन दिवस नुसतं मीठ वाढ, पाणी दे.
चौथ्या दिवशी जिन्यावरूनच,
वहिनी, विजेच्या मीटरचा नंबर काय हो?

टॉर्च घेऊन जिन्याखाली वाकले. जाळी काढली.
आठ आकडे, शेवटी पाच.
म्हणजे तिसऱ्याच दिवशी कारभार आटोपला.
वाकल्या वाकल्या आकड्यांची बेरीज केली,
तीनाने तुटू नये एवढं पाहिलं,
आणि वर ओरडून सांगितलं,
शेवटी सात.