मासा कुणाचा

काल्यू तोमसालू आला तेव्हा खिडकीबाहेर एमायगी नदी
या काठापासून त्या काठापर्यंत पांढरी होऊन पडली होती.
त्यानं कोट दोनदा झटकला
आणि खुर्चीत असा बसला
जसा क्रेनच्या केबिनमध्ये एकतीस वर्षं बसत आला:
हात पुढे, अधांतरी, दांडे शोधत.

मी टोपी चढवली. विरळ केस बाजूला सारून
टाळूवर जेलचा थेंब टेकवला. गार लागेल, म्हटलं.
"गार मला शिकवू नकोस, पोरी."

दोन सेकंद. त्याच्या कागदावर एवढंच आहे.
मूगा बंदरात, नोव्हेंबरातल्या एका पहाटे
दोन सेकंद त्याचं लक्ष कुठेतरी गेलं
आणि कंटेनर खाली आला.
मेलं कुणी नाही. फुटली ती नुसती बेसिनं,
सातशे का काय.
पण तो अजून खिसे चाचपतो
त्या दोन सेकंदांसाठी.

पडद्यावर एक मासा असतो.
मेंदूतली एक लय चढली की तो पोहतो,
दुसरी, पेंगुळलेली, चढली की तळाशी बसतो.
मी नेमून दिलेलं सांगते: जबडा सैल सोडा,
दात आवळले की तार थरथरते
आणि मशीनला वाटतं, विचार आला.

सहा दिवस त्यानं माशाला हुकूम सोडले.
भुवया जुळवून, श्वास कोंडून,
कानशिलावरची शीर टोपीच्या पट्ट्याखाली उडताना दिसायची.
मासा गाळात.
"हट्टी आहे," तो म्हणाला.
कोण, ते मी विचारलं नाही.

सातव्या दिवशी तो वडिलांबद्दल बोलायला लागला.
पेइप्सी सरोवरावर बर्फाला भोक पाडून
ते दोघं बादल्यांवर बसायचे, दिवस दिवस.
भोकाकडे बघायचं नसतं, म्हणाला,
आणि दुसरीकडेही बघायचं नसतं.
बोलू नका, असं सांगायला मी तोंड उघडलं,
तर मासा निघालेला.
पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत,
शेपटीला घाई नाही.

लावू म्हटलं तर ते लागत नाही.
झोप लागते तसं लागतं,
दूध रात्रीतून लागतं तसं,
आपण पाठ फिरवलेली असताना,
आणि फिरवली आहे हेही विसरलेलं असताना.
असं मला त्या संध्याकाळी वाटलं. घरी जाताना मी
एक बस चुकवली आणि वाईट वाटलं नाही.

आता हे सांगायला हवं:
आमच्या प्रयोगात निम्म्यांना स्वतःचा मासा मिळतो.
निम्म्यांना दुसऱ्याच कुणाच्या डोक्यातला,
आधी कधीतरी नोंदवून ठेवलेला, शिळा.
कुणाला कोणता, मला माहीत नाही.
पाकीट ऑक्टोबरात फुटेल.
त्यानं हे वाचून सही केली आहे, चष्मा न लावता.

बाविसाव्या बैठकीत, मार्चमध्ये,
नदी मधोमध काळी पडू लागली होती तेव्हा,
मासा झकास पोहत होता आणि तो म्हणाला,
"हा माझा नाही."

कशावरून?

"मी आत्ता गेलो होतो. दोन सेकंद.
बहिणीच्या भिंतीला कोणता रंग द्यावा, तिथे.
आणि हा पोहतच राहिला."

मग तो सातव्या दिवसाचा?
ते त्यानं विचारलं नाही. मीही नाही.
त्याचे हात मांड्यांवर होते, पहिल्यांदाच,
आणि तो पडद्याकडे नाही, कुठेच नाही, असा बघत होता.
"पण जाताना दिसलो मला मी," म्हणाला.
"पाठमोरा का होईना."

फॉर्मवर यासाठी रकाना नाही.
मी 'बैठक पूर्ण' लिहिलं, वेळ टाकली.
तो गेल्यावर टोपी कोमट पाण्यात धरून
जुन्या टूथब्रशनं एकेक भोक घासत बसले,
एकोणीस भोकं,
त्यातल्या अकराव्या की बाराव्यावर मी
कुठे होते कोण जाणे.
नळ वाहत होता.